मानदुखी: कारण कळण्याआधी झटका देऊन घ्यावा का?

सायली_व (धागाकर्ती)

मान एका बाजूला वळवायची, एक झटका द्यायचा, कडकन आवाज होतो आणि रुग्ण सुटकेचा श्वास सोडतो. कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे हाताने मणके दाबून, झटके देऊन उपचार करण्याच्या पद्धतीचे, असे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. माझं मत स्पष्ट मांडते: मानेला झटका हा पहिला उपाय नसावा आणि मान कशामुळे दुखतेय हे कळल्याशिवाय तर तो अजिबात घेऊ नये.

मानेत मणके ७. वरचे दोन, अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिस, घडणीनेच वेगळे असतात. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण या दोघांमधल्या सांध्यात होतं. या सगळ्या डोलाऱ्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं. खाली बघत बसलो की ते पुढे झुकतं आणि मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. खांद्याच्या फऱ्यापासून मानेपर्यंत जाणारे स्नायू थकतात, आखडतात. बहुतेकांची मानदुखी इतकीच असते आणि काही आठवड्यांत उतरतेही. पण सगळ्यांची तशी नसते. कुणाच्या मणक्यांमागचे छोटे सांधे दुखावलेले असतात, कुणाची दोन मणक्यांमधली चकती नसेवर दाब देते आणि कळ हातात उतरते, कुणाच्या गाडीला मागून धडक बसलेली असते. क्वचित कुणाला जंतुसंसर्ग, गाठ किंवा मज्जारज्जूवरचा दाब असतो. इतक्या वेगवेगळ्या कारणांवर एकच झटका चालेल, असं मानायचं तरी कसं?

शिवाय मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात आणि अ‍ॅटलासपाशी वळण घेतात. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, मान्य. पण आपोआप कमी होणाऱ्या दुखण्यासाठी हा धोका पत्करायचा का?

राघव_७

असहमत. माझी मानदुखी डोक्यात चढायची, मागून सुरू होऊन डोळ्यापर्यंत. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाले. कायरोप्रॅक्टरकडे गेल्यावर मान वळू लागली, डोकेदुखीही कमी झाली. हा माझा अनुभव, पण अभ्यासही आहे. २०१२ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये मानदुखीच्या २७२ रुग्णांवरची चाचणी आली होती. १२ आठवड्यांनंतर मणक्यांच्या हाताळणीने, म्हणजे अशा झटक्यांच्या उपचाराने, औषधांपेक्षा जास्त आराम दिला होता.

वेदनाशामक गोळ्या तरी निर्धोक आहेत का? पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. ते धोके आपण मुकाट चालवून घेतो.

सायली_व

राघव, त्या चाचणीत तिसरा गटही होता. त्यांना एक-दोन भेटींत घरी करायचे व्यायाम शिकवले होते. त्यांचा आराम हाताळणीवाल्यांच्या जवळपास बरोबरीचा होता. म्हणजे गोळ्यांना पर्याय आहे हे खरं, पण त्यासाठी झटकाच हवा असं त्यातून निघत नाही. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठी आहे.

फिजिओ_मीनल

मी हेच काम करते, म्हणून दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे.

सायलीताई, बसण्याच्या पद्धतीवर तुम्ही फार भार टाकलात. मान ६० अंश झुकवली की तिच्यावर सुमारे २७ किलो भार येतो, हा आकडा सगळीकडे सांगतात. तो २०१४ मधल्या संगणकी प्रतिमानाचा हिशोब आहे, माणसांच्या मानेत मोजलेला नाही. झुकण्यापेक्षा एकाच स्थितीत तासन्‌तास राहणं जास्त त्रास देतं. अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांचाही मोठा हात असतो. ही दोन कारणं रुग्ण आपणहून कधी सांगत नाहीत, विचारावी लागतात.

आणि एमआरआयबद्दल. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले. त्यातल्या सुमारे ८८ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, विशीतल्या बहुतेकांच्यासुद्धा! त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘चकती बाहेर’ वाचून घाबरून जाऊ नका.

राघव, आता त्या आवाजाबद्दल. मणका ‘जागेवर बसला’ म्हणून तो होत नाही. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम घटतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना काय होतं ते २०१५ मध्ये एमआरआयवर प्रत्यक्ष टिपलं गेलं आहे. झटक्याने स्नायू काही काळ सैलावतात, वेदनेचे संदेश मंदावतात. आराम खरा असतो. पण मान पुन्हा पुन्हा आखडत असेल तर त्या आरामाच्या काळात मानेचे आणि फऱ्याचे स्नायू बळकट करायला हवेत. नाहीतर माणूस झटक्यांवरच अवलंबून राहतो.

अनामिक_वाचक

सायली यांच्याशी सहमत. पाया बघा ना. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हेनपोर्ट गावी कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं ऐकणं सुधारलं असा दावा केला. त्यावरून जवळजवळ सगळे आजार मणके सरकल्याने होतात, असा सिद्धांत उभा केला. आजही काही ठिकाणी एक्स-रेवर रेघा मारून ‘मणका सरकलाय’ सांगतात आणि महिनोन्‌महिन्यांच्या भेटींचं पॅकेज गळ्यात घालतात.

राघव_७

पॅकेज विकणाऱ्यांचा मीही निषेध करतो. पण १८९५ मधल्या दाव्यावरून आजच्या लोकांना का तोलता? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या प्रशिक्षणाची आणि सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात झटका कुणाला देऊ नये तेही लिहिलं आहे. आणि १९८७ मध्ये अमेरिकन न्यायालयाने अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेला कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार टाकल्याबद्दल दोषी ठरवलं होतं. हा विरोध नेहमीच शास्त्रीय नव्हता.

सायली_व

तो खटला स्पर्धेच्या कायद्याखाली होता. उपचार लागू पडतो की नाही, याचा निवाडा त्यात झाला नाही.

राघव_७

बरं, मग धमनीचंच बोलू. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला २००८ चा अभ्यास बघा. कायरोप्रॅक्टरकडे जाणं आणि तसा पक्षाघात यांच्यात जितका संबंध दिसला, तितकाच नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्याशीही दिसला. म्हणजे धमनी आधीच फाटू लागलेली असते, मान दुखते म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो आणि दोष झटक्याला लागतो.

फिजिओ_मीनल

अभ्यास बरोबर सांगितलात. पण त्याची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. चीर पडू लागल्याची पहिली खूण मानदुखी आणि डोकेदुखीच असेल, तर असा रुग्ण चालत माझ्याकडेही येणार. साधी आखडलेली मान समजून मी तिला झटका दिला तर? डॉक्टरांनी त्याची मान पिळलेली नसते, हा फरक उरतोच. म्हणून ‘अशी कधीच दुखली नव्हती’ असं कुणी म्हणालं, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही असलं, तर मी मानेला हात न लावता ताबडतोब रुग्णालयात पाठवते. संधिवाताने वरचे मणके सैल झालेले किंवा हाडं ठिसूळ झालेले रुग्ण असतील तरी झटका नाही.

झटक्याऐवजी हळूहळू सांधे हलवण्याची पद्धतही आहे. मानदुखीत तिचा गुण झटक्याइतकाच येतो, असं तुलना करणाऱ्या चाचण्यांत दिसलं आहे. मी तीच वापरते.

जुनी_मान

मला एक वेगळंच सांगायचं आहे. कित्येक वर्षं मान दुखत असताना नीट वेळ देऊन तपासणारा पहिला माणूस कायरोप्रॅक्टर होता. उठताना दुखतं की बसताना, कोणत्या बोटात मुंग्या येतात, सगळं विचारलं. त्याआधी प्रत्येक जण रिपोर्टकडे बघायचा, माझ्याकडे नाही. लोक तिकडे का वळतात हे समजून न घेता नुसतं ‘जाऊ नका’ म्हणून काय होणार?

सायली_व

हे मनापासून पटलं. तपासणीची ही पद्धत मला सगळीकडे हवी आहे. त्यानेही झटका देण्याआधी कारण शोधलंच ना?

राघव_७

मी उपचार सोडणार नाही, मला गुण आहे. पण पुढच्या वेळी झटक्याशिवाय करता येईल का, असं नक्की विचारेन. मीनलताई, व्यायाम कुठले ते लिहाल का?

फिजिओ_मीनल

हनुवटी आत ओढून डोकं मागे नेणं, फरे एकमेकांकडे खेचणं, कपाळाला तळहाताचा रोध देऊन मान स्थिर धरणं. इथून सुरुवात करा. दुखणं हातात उतरू लागलं तर थांबा.

नवी_सभासद

माझ्या उजव्या अंगठ्यात मुंग्या येतात, मान दुखते आणि हल्ली सदऱ्याची बटणं लावताना बोटं चुकतात. मीही झटका घेणारच होते. हे व्यायाम करून बघू का?

फिजिओ_मीनल

नको, आत्ता व्यायामही नको आणि झटका तर नकोच. नुसत्या अंगठ्यातल्या मुंग्या एका नसेवरच्या दाबाने येऊ शकतात आणि तो त्रास बहुतेकांचा शस्त्रक्रियेविना बरा होतो. पण बटणं लावताना बोटं चुकणं हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण असू शकतं. चालताना तोल जातो का? लघवीवरचा ताबा पूर्वीसारखा आहे का? यांपैकी काही असेल तर आजच रुग्णालयात जा. नसेल तरी एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि बटणांचं आवर्जून सांगा.