सायकल प्रवासात चांगली कॉफी करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आम्ही तिघे छत्रपती संभाजीनगरहून वेरूळमार्गे सायकलने म्हैसमाळला जाऊन तंबूत मुक्काम करणार आहोत. गेल्या खेपेस तेथील पहाटवाऱ्याने छोट्या गॅस शेगडीची ज्योत सारखी आडवी पडत होती, पाणी उकळायला पाव तास लागला आणि कपात आली ती कडवट, दाताखाली गाळ येणारी कॉफी.

घरी मी १५ ग्रॅम भरड पुडीवर, उकळी आल्यानंतर अर्धा मिनिट थांबून, २५० मिलिलिटर पाणी ओततो आणि चार मिनिटांनी गाळतो. तीच चव मला डोंगरावर हवी आहे. शेगडीला पत्र्याचा पूर्ण वेढा दिल्यास खालचा गॅसचा डबा तापून धोका होतो, म्हणून वारा अडवण्याचा सुरक्षित उपाय कोणता? सामानाचे वजन पाहता एअरोप्रेस (दट्ट्याने दाबून कॉफी गाळायचे नळीसारखे साधन) न्यावा की स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर पुरेसा होईल? आपल्याकडचे बोअरचे जड पाणी चहात खपते, पण कॉफीची चव मारते. तेव्हा पाणी घरूनच न्यावे का? कॉफीच्या बिया दळायच्या हातचक्कीचे ओझे सार्थकी लागते का, हेही अनुभवी सायकलस्वारांनी कृपया सविस्तर सांगावे.