वरळीच्या मनोऱ्याखालचा सुवर्णकाळ म्हणे!

शेवटचा_डबा: काल इथे एका सदस्याने लिहिलं, 'प्रदीप भिडे गेले आणि मराठी बातम्याही गेल्या. आताची चॅनेलं म्हणजे मासळीबाजार.' खाली नुसती हात जोडलेल्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या भिड्यांच्या आवाजाबद्दल ब्र काढणार नाही. पण चांगला आवाज म्हणजे चांगली बातमी नव्हे. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीच्या मनोऱ्याखाली दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं तेच सरकारी खात्याचं म्हणून. १९७६ पर्यंत तर दूरदर्शन आकाशवाणीचंच एक अंग होतं. आणीबाणीत किशोरकुमारने काँग्रेसच्या कार्यक्रमाला गायला नकार दिला, तर त्याची गाणी बंद केली. गाण्यांची ही गत, मग बातम्यांना कोण मोकळं सोडणार होतं? मंत्री फीत कापताना, मंत्री झाड लावताना, मंत्री विमानातून पूर बघताना, शेवटी हवामान. आपण लहान होतो, घरात सगळे गप्प बसून ऐकायचे, म्हणून ते भारी वाटतं. एवढंच आहे ते.

दादर_पश्चिम: सरकारी होतं हे कुणी लपवलं होतं का? थोडक्या वेळात राज्य, देश, जग, खेळ सगळं उरकायचं. अनंत भावे, वासंती वर्तक, ज्योत्स्ना किरपेकर यांच्यापैकी कुणी ओरडल्याचं आठवतंय? सिनेमात जाण्याआधी स्मिता पाटील तिथे बातम्या वाचायची. आता चॅनेलांच्या पट्टीत 'पाणि' आणि 'आणी' वाचून माझं डोकं उठतं. ऱ्हस्वदीर्घ येत नाही ते सरकारला जाब विचारणार!

शेवटचा_डबा: झालं, शुद्धलेखन आलं. वेलांटी बरोबर असली की खोटंही खरं होतं का हो?

रीळवाला: थोडं आतलं सांगतो, मामा तिथे फिल्म विभागात होते. सुरुवातीला सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण व्हायचं. ती केंद्रात आणायची, धुवायची, सुकवायची, कापायची, जोडायची. पाच वाजता आझाद मैदानावर काही झालं तर संध्याकाळच्या बातम्यांत त्याचं चित्र येणं कठीणच, नुसतं वाचून दाखवायचे. उद्घाटनाची वेळ मात्र आधीच ठरलेली, त्यामुळे कॅमेरा तिकडे हजर. मंत्री सारखे दिसायचे त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं तुम्ही म्हणता तेच, मामाही नाकारत नसत.

डिलाईल_रोड: फिल्म धुवायला वेळ लागायचा हे मान्य. पण दीड वर्ष? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस गिरण्यांबाहेर, आणि दूरदर्शनचा मनोरा गिरणगावापासून, लालबाग-परळपासून हाकेच्या अंतरावर. चाळीत टीव्ही एकच, दुसऱ्या मजल्यावर. वडील रोज संध्याकाळी त्या दारात जाऊन उभे राहायचे, संपाचं काही निघतंय का बघायला. निघालं तर सरकारचं निवेदन. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभा आम्ही मैदानात बघितल्या, त्या डब्यात बघितल्याचं मला तरी आठवत नाही. आणि वडील उंबऱ्याबाहेरच उभे असायचे, हेही सांगून ठेवतो. आत बसायला कुणी म्हणायचं नाही.

सोसायटीवाली: हे नेहमीचंच. टीव्ही असलेले सगळे दुष्ट! आमच्याकडे होता. रविवारच्या सिनेमाला खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. बहीण दहावीला, ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अभ्यास करायची. आईने कधी कुणाला उठवलं नाही. टीव्ही हप्त्यावर घेतलेला, वर टीव्ही ठेवायच्या लायसन्सचे पैसे.

डिलाईल_रोड: आमच्याकडे सिनेमाला माणशी चार आणे घ्यायचे. लहान मुलांनासुद्धा.

सोसायटीवाली: आम्ही नाही घेतले!

डिलाईल_रोड: तुमचं नाव घेतलं का मी ताई? तुम्हाला का लागलं?

चाळ_नंबर_सात: चार आणे स्वस्त म्हणायचे. आमच्याकडे पैसे नव्हते घेत, पण पाणी भरून द्यावं लागायचं. तळमजल्यावरून दोन बादल्या. माझ्या भावाने 'चिमणराव' ही अख्खी मालिका पाण्यावर बघितलीय.

दादर_पश्चिम: धागा बातम्यांचा आहे की भाडेकरूंच्या तक्रारींचा?

चाळ_नंबर_सात: बातम्या कोण बघत होतं ते कळल्याशिवाय त्या कशा होत्या ते कसं कळणार, साहेब? तुमच्या घरात टीव्ही होता, तुम्हाला 'ण' ऐकू आला. आम्ही गॅलरीतून बघायचो, आम्हाला नुसते ओठ दिसायचे.

दादर_पश्चिम: वा! म्हणजे शुद्ध बोलणं हाही आता गुन्हा. चालू द्या. पण मला एवढं सांगा, तुमच्या स्वतंत्र चॅनेलांनी काय दिवे लावले? २६/११ ला नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरताना थेट दाखवले. तिकडे पाकिस्तानात बसलेले टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चॅनेलांना झापलंय. अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, हा नियम यायला २०१५ उजाडलं.

शेवटचा_डबा: यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण तुमचं बरोबर आहे. खूश? पण २६ जुलैच्या पुरात याच मराठी न्यूज चॅनेलांनी रात्रभर लोकांना आधार दिला, तेही लिहा.

रीळवाला: कुठल्या? २००५ मध्ये चोवीस तास बातम्यांचं मराठी चॅनेल होतं कुठे? 'झी चोवीस तास' आणि 'स्टार माझा' दोन्ही २००७ ची. आणि त्या रात्री उपनगरांत दिवे होते कुणाकडे? आम्ही कुर्ल्याला पोटमाळ्यावर सेलचा रेडिओ घेऊन बसलो होतो.

शेवटचा_डबा: बरं, मराठी नसतील, हिंदी असतील. मुद्दा तोच राहतो.

दादर_पश्चिम: मुद्दा तोच, पुरावा कुठलाही. चॅनेलात नोकरी आहे का तुमची?

डिलाईल_रोड: दोघांनाही एकच विचारतो. संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, चॅनेलांची ऑफिसंही गिरणीच्या आवारात आली. त्या आवारातून चोवीस तासांपैकी किती मिनिटं गिरणी कामगारांच्या घरांवर बोललं जातं? वडील उभे राहायचे तेव्हा निदान सरकारचं निवेदन तरी ऐकू यायचं.

सोसायटीवाली: हे मात्र खरंय. पण पाण्याच्या बादल्यांचं मला अजूनही पटत नाही. कुठली चाळ?

चाळ_नंबर_सात: नाव सांगितलं तर ते लोक इथेच निघतील. त्यांचा नातू याच गटात आहे, आणि कालच्या त्या पोस्टखाली जोडलेले हात सगळ्यात आधी त्याचेच आहेत.