'ड्यूक'ला मराठीत काय म्हणायचं?

पानगळ: जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग-गोथा या छोट्याशा राज्याच्या घराण्यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडलेय. तिथला राजा म्हणजे 'हेर्त्सोग', इंग्रजीतला ड्यूक. मी 'सरदार' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी खोडलं, म्हणाल्या सरदार कुणाच्या तरी पदरी असतो, हे तर स्वतः गादीवर होते. मग काय लिहू?

शब्दवेडा: संस्थानिक. सरळ आहे की.

जुनी_वही: नाही हो, संस्थानिक म्हटलं की डोक्यावर कुणीतरी आलाच. 1871 नंतर कोबुर्ग जर्मन साम्राज्यात गेलं तेव्हापासून चालेल एकवेळ, पण 1826 साली कोबुर्गचा ड्यूक पहिला अर्न्स्ट झालफेल्डचा मुलूख सोडून गोथाचा घेतो तेव्हा तो कुणाचा मांडलिक नव्हता. बाकी हेर्त्सोगचा मूळ अर्थच 'फौज घेऊन पुढे जाणारा' असा आहे, म्हणजे सेनापती. आपल्याकडे नागपूरकर भोसले सेनासाहेबसुभा, बडोद्याचे गायकवाड सेनाखासखेल, लष्करी हुद्दा पुढे वंशपरंपरेने राज्यकर्त्याचा किताब झाला, अगदी तीच गोष्ट.

शब्दवेडा: म्हणून जर्मन माणसाला सेनासाहेबसुभा म्हणायचं? वाचणाऱ्याला नागपूरच दिसेल.

लिंबोणी: 'ड्यूक'च ठेवा ना, सगळ्यांना कळतो. 'डची' (ड्यूकचं राज्य) मात्र नको, मला कायम ते डचांचं काहीतरी वाटतं.

जुनी_वही: कळतो म्हणून ठेवत गेलो तर आपले शब्द वापरायचे कधी? उदाहरणार्थ 'पाती'. देवासची थोरली पाती, धाकटी पाती. कोबुर्गवाले ज्या व्हेटिन घराण्यातले त्याची 1485 मध्ये दोन भावांत वाटणी झाली, हे थोरल्या भावाचे वंशज (त्याचंही नाव अर्न्स्टच) म्हणजे थोरली पाती. 'शाखा' लिहिलं की बँकेची वाटते.

पानगळ: पाती घेतेच, सुंदर आहे! अजून एक अडचण, 'अंकल लिओपोल्ड'. हा पहिल्या अर्न्स्टचा धाकटा भाऊ, 1831 साली बेल्जियमचा राजा झालेला. अल्बर्ट अर्न्स्टचा मुलगा आणि व्हिक्टोरिया राणी अर्न्स्टच्या बहिणीची मुलगी, म्हणजे लिओपोल्ड नवऱ्याचा काका आणि बायकोचा मामा. लेखात दोघांचं एकत्र वाक्य आहे, तिथे काय करू?

लिंबोणी: थांबा, म्हणजे अल्बर्टने आतेबहिणीशी लग्न केलं? आमच्याकडे मामाची मुलगी चालते, आत्याची अजिबात नाही.

शब्दवेडा: आमच्या भागात दोन्ही चालतं. मराठी म्हणून एकच नियम सांगू नका.

लिंबोणी: मी नियम सांगत नाहीये, घरात ऐकलेलं सांगतेय.

वऱ्हाडी_मी: पानगळ, 'नेफ्यू' आला की पण सांभाळा, मी एका अनुवादात 'भाचा' वाचलंय. अल्बर्टच्या थोरल्या भावाला, म्हणजे दुसऱ्या अर्न्स्टला, वारस नव्हता म्हणून 1893 मध्ये अल्बर्टचा मुलगा आल्फ्रेड आला, आणि आल्फ्रेडचा मुलगा आधीच वारल्यामुळे 1900 मध्ये आल्फ्रेडच्याच धाकट्या भावाचा मुलगा कार्ल एडुआर्ड आला, सोळा वर्षांचा होता तो. दोघंही पुतणेच. आणि दोन्ही वेळा गादी बापाच्या थोरल्या भावाकडून आली, त्याला आम्ही काका म्हणतच नाही, 'मोठे बाबा' म्हणतो. काका म्हटलं तर माझी आजी रागवायची.

जुनी_वही: आमच्याकडे थोरला असो धाकटा असो, चुलताच. मोठे बाबा फक्त विदर्भात की खानदेशातही म्हणतात?