लग्नासाठी तो कलमा पढायला तयार आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते

निळाई

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

मी मुस्लिम आहे, आणि नावापुरती नाही. पाच वेळची नमाज पढते. फजर, म्हणजे पहाटेची नमाज, चुकली की दिवसभर चुटपुट लागून राहते. ज्याच्याशी लग्न करायचं आहे तो मुस्लिम नाही. देव आहे की नाही याचा तो फारसा विचारही करत नाही. पण मी नमाजला उभी राहिले की न सांगता फोनचा आवाज बंद करतो.

अब्बांची एकच अट आहे: निकाह व्हायचा तर त्याने आधी कलमा पढून, म्हणजे अल्लाह एकच आणि मुहम्मद त्याचे पैगंबर अशी साक्ष देऊन, इस्लाम स्वीकारावा. हे त्याला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "चार शब्दच तर म्हणायचेत, म्हणतो की. तुझ्यापेक्षा मोठं आहे का ते?" घरच्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ते शब्द माझ्यापेक्षा मोठे आहेत, त्याच्यापेक्षाही. मी ते अल्लाहसमोर म्हणते. तो ते माझ्या घरच्यांसमोर म्हणणार.

मनात नसताना पढलेल्या कलम्याला धर्मात काय किंमत? आणि तो न पढता आम्ही नुसतं नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तर माझं इमान, माझी श्रद्धा, टिकेल का? कृपा करून "प्रेम महत्त्वाचं" किंवा "धर्म महत्त्वाचा" एवढंच लिहून जाऊ नका.

जुनी वही

आधी धर्मशास्त्र काय म्हणतं ते सरळ सांगतो. गोड करून सांगितलं तर तुमचा काहीच फायदा नाही.

कुरआनात सूरह बकरा, २:२२१ मध्ये मुश्रिकांशी, म्हणजे अल्लाहबरोबर इतरांनाही पुजणाऱ्यांशी, लग्नाला मनाई आहे, पुरुषांनाही आणि स्त्रियांनाही. सूरह माइदा, ५:५ मध्ये पुरुषांना अहले किताब, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती, स्त्रियांशी लग्नाची मुभा आहे. स्त्रियांना तशी मुभा कुठेही दिलेली नाही, आणि कुरआनातल्याच ६०:१० या आयतीचा आधार घेऊन चारही सुन्नी मजहब (धर्मकायद्याचे पंथ) आणि शिया फिक्ह (धर्मकायदा) यांनी ती नाकारली आहे. सुदानचे धर्मविचारवंत आणि नेते हसन अल-तुराबी यांनी २००६ मध्ये मुस्लिम स्त्री ज्यू किंवा ख्रिस्ती पुरुषाशी लग्न करू शकते असं मत मांडलं, त्यावर मोठा गदारोळ झाला. ट्युनिशियाने अशा लग्नांवरच्या बंदीचं १९७३ चं परिपत्रक २०१७ मध्ये रद्द केलं. पण तो सरकारचा निर्णय झाला. बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, लेखी असा निकाह आजही होत नाही. नोंदणी लग्न केलंत तर हे ओझं तुम्हाला पेलावं लागेल, आणि तुम्ही नमाजी आहात म्हणून ते जास्तच जाणवेल.

आता कलम्याचं. बुखारींच्या संग्रहातली पहिलीच हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, नीयतची, मनातल्या हेतूची आहे. कर्माचं मोल हेतूवर ठरतं असं सांगून तिथे उदाहरण दिलंय ते असं: ज्याने एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी हिजरत (धर्मासाठी करायचं स्थलांतर) केली, त्याची हिजरत त्यासाठीच धरली जाईल. अगदी तुमचाच प्रश्न आहे हा. दुसऱ्या बाजूला, काझी कुणाच्या काळजात डोकावू शकत नाही. त्याने साक्षीदारांसमोर कलमा पढला की निकाह लागेल. सूरह हुजुरात, ४९:१४ मध्ये वाळवंटातल्या टोळ्यांना सांगितलंय की "आम्ही इमान आणलं" असं म्हणू नका, "शरण आलो" म्हणा, इमान अजून तुमच्या हृदयात उतरलेलं नाही. त्यांना हाकलून दिलेलं नाही, हे लक्षात घ्या. पण उतरलेलं नाही हेही लपवलेलं नाही.

दोन जोडपी मला नेहमी आठवतात. पैगंबरांच्या काळातल्या उम्मे सुलैम यांना अबू तल्हा यांनी मागणी घातली तेव्हा तुमचा इस्लाम हाच माझा मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची भेट), असं त्या म्हणाल्या. अबू तल्हा यांनी तो स्वीकारला आणि पुढे निभावला. तुमचे अब्बा बहुधा याच वाटेकडे बघताहेत. दुसरं जोडपं पैगंबरांच्या थोरल्या मुलीचं, जैनब यांचं. त्यांचे पती अबुल आस अनेक वर्षं आपल्या जुन्या धर्मातच राहिले. बद्रच्या लढाईत ते मक्केच्या बाजूने, मुस्लिमांविरुद्ध लढले, कैद झाले, आणि जैनब यांनी त्यांच्या सुटकेसाठी आई खदीजांनी दिलेला हार पाठवला. पुढे ते मदिनेत आले तेव्हा जैनब यांनीच त्यांना आश्रय दिला. इस्लाम तिथेच स्वीकारता आला असता. पण मक्केतल्या लोकांचा माल त्यांच्याकडे होता. ते परत गेले, ज्याची त्याची ठेव चुकती केली, आणि मगच इस्लाम जाहीर केला. का, तर लोकांचे पैसे बुडवायला धर्म बदलला असं कुणी म्हणू नये म्हणून.

मला या माणसाविषयी फार आदर आहे. फायद्याचा संशयसुद्धा इमानाला चिकटू नये म्हणून तो थांबला. तुमच्या मित्राला हा प्रसंग सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. शिवाय हेही सांगा की पारंपरिक फिक्हमध्ये इस्लाम स्वीकारून सोडणं हा गंभीर गुन्हा मानलाय. लग्नापुरते म्हणून टाकायचे शब्द नाहीत ते.

दोन ओंजळी

माझी आई ख्रिस्ती, अब्बा मुस्लिम. म्हणजे वर लिहिलेल्या मुभेतलं लग्न. आईने धर्म बदलला नाही आणि अब्बांनी कधी मागितलाही नाही. रमजानमध्ये सहरीला सगळ्यांत आधी आईच उठायची, कारण अब्बांना गजर ऐकू यायचा नाही. रविवारी अब्बा तिला चर्चच्या दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर थांबायचे. आत कधी गेले नाहीत. त्यांचं ते ठरलेलं होतं.

लहान असताना मी अब्बांना विचारलं होतं, आई जन्नतमध्ये आपल्याबरोबर असेल का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो हिशेब माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे तो माझ्यापेक्षा दयाळू आहे." त्यानंतर ते जास्त वाचायला लागले. आमच्या प्रश्नांमुळे त्यांना आपला धर्म नव्याने शिकावा लागला, असं ते स्वतःच सांगायचे. मी आज रोजे ठेवते, नमाज पाचही वेळा होत नाही. भाऊ पक्का नमाजी आहे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. आई गेली तेव्हा तिला तिच्या लोकांत दफन केलं. तिच्यासाठी जनाजाची, म्हणजे दफनाआधीची, नमाज नसते हे अब्बांना ठाऊक होतं, तरी कुणीतरी ते तिथे मुद्दाम बोलून दाखवलं. हे दुःख आधी माहीत असून त्यांनी ते लग्न केलं होतं. तुमच्या मित्राने निदान अशी एखादी गोष्ट आजवर डोळ्यांसमोर आणली आहे का? "म्हणतो की" या उत्तरात मला ती दिसत नाही.

सावली

निळाई, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते.

माझ्या धाकट्या बहिणीने असंच नोंदणी लग्न केलं. नवरा सज्जन, त्याने तिला कधीच अडवलं नाही. आधी फजर गेली, कारण दिवा लागला की त्याची झोप मोडायची आणि तिला वाईट वाटायचं. मग प्रवासातली नमाज गेली. मग रोजे, कारण पहाटे एकटीने उठून एकटीनेच खायचं नको वाटायला लागलं. भांडण नाही, जबरदस्ती नाही. बरोबर उभं राहणारं कुणी नव्हतं, एवढंच. आज ती सुखी आहे, पण अजान ऐकली की नजर चुकवते. ते मला बघवत नाही. माझं मत विचारशील तर, करू नकोस.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सावली मावशी, तुमचं पुन्हा पुन्हा वाचलं. फजरचं वाचून पोटात गोळा आला.

अबुल आस यांची गोष्ट त्याला सांगितली. तो पहिल्यांदाच शांत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी आत्ता पढलो तर तुझ्या नजरेतून उतरेन." मी हो म्हटलं. त्याने कुरआनाचं भाषांतर मागितलंय, आणि सहा महिने निकाहाचा विषय काढू नकोस असंही म्हणालाय. वाचून नाही पटलं तर तसं सांगेन, खोटं बोलणार नाही, हा त्याचा शब्द. अब्बांना हे कसं सांगायचं ते अजून सुचत नाहीये.

जुनी वही

अब्बांना उम्मे सुलैम यांचीच गोष्ट सांगा. मेहर म्हणून इस्लाम मागायचा तर तो खरा मागावा, हे त्यांनाही पटेल.

या सहा महिन्यांत मुलांचाही विषय काढा. नाव काय ठेवायचं हे नंतर ठरवता येतं. नमाज कोण शिकवणार, आणि त्या वेळी दुसरा काय म्हणणार, हे आत्ताच बोला. आणि त्याला नाही पटलं, तरी तुम्ही लग्न केलंत, तर एक व्यवहाराची गोष्ट: पारंपरिक सुन्नी फिक्हमध्ये मुस्लिम आणि गैरमुस्लिम एकमेकांचे वारस होत नाहीत, नवरा-बायकोसुद्धा. मृत्युपत्राने एक तृतीयांशपर्यंत मात्र देता येतं. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा आणि कागद वेळेवर करून ठेवा.