दारू सोडून १९ दिवस झाले, मीटिंगच्या दारातून परत आलो. मदत हवी आहे

नमस्कार. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवली, त्याला आज १९ दिवस झाले. झोप अजून तुटक आहे, पण हात थरथरायचे थांबलेत. डॉक्टर म्हणाले, गोळ्या गोळ्यांचं काम करतील, पण तुम्हाला सोबत लागेल, मीटिंगला जायला लागा. म्हणून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सोबत करायचे गट) जवळची मीटिंग शोधली आणि गुरुवारी गेलो.

गेलो म्हणजे दारापर्यंत. आत खुर्च्या मांडणं चालू होतं. एक गृहस्थ दोन खुर्च्या काखेत धरून, पायाने दार अडवून उभे होते. "मीटिंगला ना? या," म्हणाले. मी खिशातून फोन काढला, कुणाचा तरी आल्यासारखा कानाला लावला आणि चालू पडलो. कोपरा येईपर्यंत बंद फोनवर "हो, हो" करत होतो. घरी बायकोने विचारलं, "कशी झाली?" मी म्हणालो, "चांगली." न पिताही तिच्याशी खोटं बोललो, ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा. आत नक्की काय होतं? बोलावंच लागतं का? 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. ओळखीचं कुणी दिसलं तर? तिथे देवाचं फार असतं असं ऐकलंय, माझा विश्वास नाही. आणि बायकोला नेता येतं का?

प्रतिसाद १

मला सात वर्षं झाली. पहिल्या तीन मीटिंगांत मी फक्त नाव सांगितलं आणि "आज ऐकतो" म्हणालो. कुणीही खोदून विचारलं नाही. साधारण तासाभराची मीटिंग असते. एकेक जण आपलं सांगतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, तो नवख्याने पुढे सरकवला तरी चालतं. अट एकच, दारू थांबवायची इच्छा. थांबलेली असावी अशीसुद्धा अट नाही.

ओळखीचं भेटतं कधी कधी. मला माझ्या भावाचे जुने शिक्षक भेटले. दोघंही पहिली दहा मिनिटं जमिनीकडे बघत होतो. पण ते ज्या कारणाने आले त्याच कारणाने मी आलो होतो, मग कोण कुणाचं बाहेर सांगणार?

देवाचं म्हणाल तर एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या तिथल्या वाटेत, देव हा शब्द आहे, हे लपवत नाही. पण 'आपल्याला जसा उमगला तसा' असंही तिथेच लिहिलंय. माझ्यासाठी ती खोलीतली माणसंच आहेत. तरीही खटकलंच तर 'स्मार्ट रिकव्हरी' नावाचे गट आहेत, १९९४ पासून. त्यात देव नाही, विचार आणि सवयींवर काम असतं. मात्र एक-दोन मीटिंगांवरून ठरवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो.

तुमच्या फोनबद्दल वाचून एक आठवलं. १९३५ च्या मे महिन्यात एएचा एक संस्थापक बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सुटून पाचेक महिने झालेले, धंद्याचा बेत फिसकटलेला, एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉक्टर बॉब भेटले, आणि एए तिथून सुरू झालं. पुढच्या वेळी कानाला फोन लावायची वेळ आलीच, तर खरंच कुणाला तरी लावा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: रोज पिणाऱ्याने एकट्याने एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

प्रतिसाद २

मी पिणाऱ्याची बायको आहे, म्हणून तेवढंच लिहिते. 'खुली' मीटिंग असेल तर घरच्यांना बसता येतं. 'बंद' मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. यादीत तसं लिहिलेलं असतं. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, १९५१ पासून. मी तिथे जाते. "हे तुझ्यामुळे झालेलं नाही" हे वाक्य मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं आणि घरी येऊन कितीतरी वेळ रडले.

दादा, वहिनींना आजच खरं सांगा. आम्हाला कळतच असतं हो. आम्ही कपाटं हुंगलेली असतात.

मूळ लेखक

रात्री सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या पायातल्या चपलांना धूळसुद्धा नव्हती, मला तेव्हाच कळलं." चिडली नाही, पण बराच वेळ बोललीही नाही.

काल दहा मिनिटं आधी पोचलो. तेच गृहस्थ होते. ओळखलं असावं, पण काही म्हणाले नाहीत. नाव सांगताना घसा बसला, तेवढंच बोललो. निघताना तिघांनी नंबर दिले. पुढची मीटिंग खुली आहे, ती येते म्हणालीय.

एक विचारायचं राहिलं. स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला हाताशी धरणारा जुना सदस्य, कधी मागायचा? आणि रात्री साडेदहाला तलफ आली तर त्या नंबरांवर इतक्या उशिरा फोन केलेला चालतो का?

प्रतिसाद १

चालतो. दोनला केलात तरी चालतो.