अ‍ॅनिमल कलेक्टिव्हचा 'मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन' : लोकांना ह्यात नक्की काय दिसतं?

अर्धवट_सूर
ह्या अमेरिकन बँडचा २००९ चा हा अल्बम, जो तो डोक्यावर घेतो म्हणून ऐकायला घेतला, पण मला तर सगळं एकात एक कालवल्यासारखं वाटलं. 'माय गर्ल्स' लगेच आवडलं, बाकी ठिकाणी कोण गातंय, काय वाजतंय पत्ताच लागत नाही. आणि रॉक बँड म्हणता तर गिटार कुठंय राव? पुढे ऐकू की सोडून देऊ?

खर्जवाला
मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलास का? मग अर्धा अल्बम गेलाच. बेन अ‍ॅलनला ह्यांनी प्रोड्यूसर म्हणून घेतला तोच मुळी खालच्या बेससाठी, त्याचं नार्ल्स बार्कली ह्या जोडीबरोबरचं काम ह्यांना आवडलेलं. हेडफोन लाव आणि परत ऐक.

गिटारचं म्हणशील तर बँडमधला डीकिन तेव्हा ब्रेकवर होता आणि गिटार मुख्यतः तोच वाजवायचा, मग उरलेल्या तिघांनी सँपलर (आवाजांचे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र) घेऊन गाणी बांधली, त्यामुळे वाद्य शोधत बसलास तर हाताला काही लागणार नाही, त्यापेक्षा आवाज धर. गायक दोघे, पांडा बेअरचा स्वच्छ, लांबवलेला, एव्ही टेअरचा खरखरीत, मधेच ओरडणारा. हे दोन आवाज वेगळे ओळखू आले की गुंता आपोआप सुटायला लागतो. 'इन द फ्लॉवर्स' पासून सुरू कर, जवळजवळ अडीच मिनिटं नुसतं तरंगत राहतं आणि मग एकदम जो काय ठोका पडतो ना!! तिथे बेस नसेल तर काही मजा नाही

गवतावरचा_श्रोता
+१. नावाचंही बघ, मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन हे मेरीलँडमधल्या कोलंबियातलं उघड्यावरचं कॉन्सर्टचं ठिकाण आहे, मागे गवतावर बसून ऐकायची सोय. ही पोरं बाल्टिमोरकडची, म्हणजे घराजवळचंच. रेकॉर्डिंग मात्र मिसिसिपीत केलंय. त्या मोकळ्या जागेतला घुमणारा आवाज डोळ्यासमोर आणून ऐकलं तर तो रिव्हर्ब उगाच टाकलाय असं वाटत नाही.

तुटकी_तार
मी उलटं सांगतो, नाही आवडला तर नाही आवडला, जबरदस्ती आहे का. मला स्वतःला ह्यांचाच 'फील्स' (२००५) जास्त भारी वाटतो, गिटार आहे, गाणी श्वास घेतात. इथे प्रत्येक रिकामी जागा भरून टाकलीय. 'ब्रदर स्पोर्ट' मात्र सोडू नकोस, वडील गेल्यावर पांडा बेअरने भावाला उद्देशून लिहिलेलं गाणं आहे ते, आणि आहे चक्क नाचायचं! शेवटाकडे त्याच त्या ओळी फिरत राहतात आणि कंटाळा येण्याऐवजी चढत जातं. हे कसं जमवलं देव जाणे.

रिकामटेकडा
कव्हर जास्त वेळ बघू नका, पानं हलतात 😵 अकियोशी किताओका नावाच्या जपानी प्राध्यापकाच्या दृष्टिभ्रमांवरून केलंय ते

अर्धवट_सूर
हेडफोन लावून ऐकला. 'इन द फ्लॉवर्स'चा तो ठोका, बाप रे. 'लायन इन अ कोमा' अजूनही डोक्यावरून जातंय, पण 'ब्रदर स्पोर्ट' लूपवर चालू आहे. आता 'फील्स' घेऊ की 'स्ट्रॉबेरी जॅम'?

तुटकी_तार
'फील्स'. 'स्ट्रॉबेरी जॅम' मध्ये एव्ही भरपूर किंचाळतो, तो नंतर.

खर्जवाला
काहीही, किंचाळणं हीच तर त्यातली मजा. 'जॅम' घे रे तू