मदत हवी आहे : मनालीत थंडी, वारा आणि हलकी बर्फवृष्टी, आईला न्यावं का?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन मनालीला जातोय. वय ६८, गुडघ्यांचा त्रास. बर्फ बघायची तिची फार वर्षांची इच्छा. आता तिकडचा अंदाज आलाय : पारा शून्याखाली, जोराचा वारा, हलकी बर्फवृष्टी. आपली थंडी म्हणजे पहाटे रंकाळ्यावर कानटोपी घातली की भागतं; पन्हाळ्यावरचं वारंसुद्धा आईला सोसत नाही.

बर्फापेक्षा मला वाऱ्याचीच धास्ती आहे. अंगाभोवतीची ऊब तो उडवून नेतो, त्यामुळे आकड्यापेक्षा गारठा जास्त जाणवतो. शिवाय थोडाच बर्फ पडला तरी दिवसा वितळून रात्री रस्त्यावर काचेसारखा गोठतो म्हणे.

हिवाळ्यात जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. अशा हवेत मनालीजवळच्या सोलंग खोऱ्याच्या पुढे अटल बोगद्याकडे साध्या गाड्या सोडतात, की फोर बाय फोरच (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) लागते? आईसाठी थर्मल, वारा अडवणारं जॅकेट आणि न घसरणारे बूट कोल्हापुरात कुठं चांगले मिळतील, की तिथं भाड्यानं घ्यावेत? तिकिटं बदलायला परवापर्यंतच वेळ आहे.